चालत पोचता येईल असं घर

"गाडी ठेवायला जागा नाही, त्याला घर म्हणायचं की खोका?" सासरे उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले आणि रुमालाने मान पुसू लागले.

धाकट्या मुलाने गाडी त्या जुन्या वस्तीभोवती पुन्हापुन्हा फिरवली होती. जिथे वळावं तिथे एकतर पायऱ्या लागायच्या, नाहीतर 'वाहनांना बंदी' अशी पाटी. शेवटी पुलापलीकडच्या वाहनतळावर गाडी लावून सगळे पायी आले होते. ज्या माणसाने उभी हयात हमरस्ते आखण्यात घालवली आणि ज्याला घरात-दारात 'इंजिनिअर' याच नावाने ओळखलं जाई, त्याला आपल्याच दोन पायांवर इथवर आणलं गेलं, हे काही शुभलक्षण नव्हतं. थोरल्या सुनेने ते ओळखलं आणि गुपचूप दार पूर्ण उघडलं.

ती आणि मास्तर सकाळच्या लोकलनेच आले होते. मास्तर म्हणजे तिचा नवरा. शाळेत भूमिती शिकवायचा, पण हे नाव त्याला नोकरीच्या आधीपासून होतं. लहानपणी गल्लीतल्या पोरांची शुद्धलेखनं तपासायचा म्हणून. गेल्या वर्षी त्याच्या डोळ्यांच्या कडा विझायला लागल्या. समोरचं स्वच्छ दिसे, बाजूचं नाही. नळीतून बघावं तसं. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत गाडी चालवणं बंद केलं आणि नळी अरुंद होत जाणार, हेही लपवलं नाही.

अडचण अशी की हे कुटुंब राहायचं बायपासच्या कडेला. इंजिनिअरांनी निवृत्तीआधी बांधलेला ऐसपैस बंगला, मागे झाडं, पुढे रस्ता आणि रस्त्यावर फक्त भरधाव वाहनं. साधी दुधाची पिशवी आणायची तरी गाडी काढावी लागे. मास्तर शाळेत जायचा तो धाकट्याच्या गाडीतून. यायचाही तसाच. मध्ये एकदा धाकट्याला उशीर झाला, तेव्हा शाळेच्या फाटकाशी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून राहिला होता. घरी आल्यावर त्याने एवढंच म्हटलं होतं, "मी सामान झालोय गं. कुणीतरी उचललं तरच हलतं."

त्यानंतर थोरलीने हे घर शोधलं. शिंपीणबाईचं. स्टेशनामागच्या गल्लीत एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या जुन्या घरांपैकी एक. अरुंद, दुमजली, लोखंडी कठड्याची छोटी गॅलरी, उंच खिडक्या. वाण्याचं दुकान, औषधवाला, वाचनालय, चांभार, सगळं हाकेच्या अंतरावर. आणि मास्तरची शाळा लोकलने थोड्याच स्टेशनांवर. शिंपीणबाई लेकीकडे राहायला चालली होती. तिने संध्याकाळपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं.

"या ना, आत या," शिंपीणबाई म्हणाली. "पाय पुसले नाहीत तरी चालेल. आता काय, सगळं आवरायचंच आहे."

इंजिनिअरांनी पाय पुसले, आणि मग ज्या भिंतीपाशी उभे होते ती बोटाच्या पेराने वाजवून बघितली.

"ओल आहे."

"पन्हाळ गळतं वरचं," शिंपीणबाई म्हणाली. "लपवून काय करू?"

"जिना?"

"हा इथे."

"उभा आहे. कठडा एकाच बाजूला. ज्याला बाजूचं दिसत नाही त्याला असला जिना?" हे त्यांनी मास्तरकडे न बघता, छताकडे बघत विचारलं.

"बाबा, जिना रोज तिथेच असतो," मास्तर म्हणाला. "जी गोष्ट जागा सोडत नाही तिची मला भीती नाही. भीती आहे ती अंगावर येणाऱ्या गाड्यांची. या गल्लीत त्या शिरतच नाहीत."

"आणि आगगाडी?"

नेमकी त्याच वेळी मागून लोकल गेली. खिडकीच्या काचा बारीक थरथरल्या. धाकटा हसला. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. निम्म्या गावाला त्याने क्लच-ब्रेक शिकवले होते आणि कुठल्याही खोलीत तो शेजारच्या सीटवर बसल्यासारखा, पाय ब्रेकवर ठेवून असे.

"दादा, मी काय म्हणतो ते ऐक. तुला ने-आण करायला मला कधी जड गेलंय? उद्यापासून एक माणूसच ठेवतो तुझ्यासाठी. माझ्याकडचा. सकाळी दारात हजर."

"मला माणूस नकोय."

"मग काय हवंय?"

"फुटपाथ," मास्तर म्हणाला.

धाकट्याला हे लागलं. थोरलीला दिसलं ते. वर्षभर त्याने एक दिवसही कुरकूर न करता भावाला पोचवलं होतं, आणि बदल्यात त्याला फुटपाथापेक्षा खालचा नंबर मिळाला. ती काही बोलणार एवढ्यात सासूबाई शिंपीणबाईला विचारत्या झाल्या, "वाचनालय कुठल्या अंगाला हो?"

"बाहेर पडलात की डावीकडे. कोपऱ्यावर."

"आणि स्टेशन?"

"तेही डावीकडेच, पण सरळ खाली. चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही माणूस."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्याकडे तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तसं त्यांच्याकडे एरवीही दिलं जात नसे. त्या घरातल्या घड्याळासारख्या होत्या, वेळ सांगत राहायच्या.

इंजिनिअर आणि धाकटा ओल किती वर चढली आहे ते बघायला शिंपीणबाईसोबत माडीवर गेले. मास्तर त्यांच्यामागे, भिंतीवर तळवा टेकवत. थोरली खालच्या खोलीत शिरली. उत्तरेकडची खिडकी, एकसारखा उजेड. ती दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनवायची. बंगल्यात तिचं टेबल जिन्याखाली होतं. दाताचा रंग जुळवायचा म्हणजे प्रत्येक वेळी तो दात घेऊन अंगणात जावं लागे. ही खोली बघितल्या दिवसापासून तिने मनात टेबल या खिडकीपाशी लावून टाकलं होतं, दात भाजायची भट्टी त्या कोपऱ्यात. आणि खरं सांगायचं तर तिने मनात आणखीही एक लावून टाकलं होतं: या घरात फक्त दोघं असतील. ती आणि मास्तर. सुट्टीत वसतिगृहातून लेक येईल तेवढीच. बस्स.

"ताई, जरा बोलायचं होतं." धाकटी जाऊ दारात उभी होती. तिने आपल्यामागे दार लोटून घेतलं.

"बोल."

"वर सगळ्यांसमोर मी काही बोलणार नाही. तुमच्या विरोधात बोलते असं व्हायला नको. पण तुम्ही गेलात की आई-बाबा माझ्या एकटीवर. बाबांचं पथ्य, त्यांचा राग, आईंचे डॉक्टर, सगळं. मलाही नोकरी आहे. दादांच्या डोळ्यांचं मला वाईट वाटतं हो, मनापासून वाटतं, पण तुमचा मार्ग मोकळा होतोय तो माझ्या गळ्यात दोर बांधून."

धाकटीचं बोलणं खोटं नव्हतं. गेली काही वर्षं दोघींनी मिळून तो बंगला ओढला होता, बैलजोडीने गाडा ओढावा तसा. एकीने जू खाली ठेवलं की दुसरीची मान वाकणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

"दर शनिवार-रविवारी मी येईन," ती म्हणाली.

"कशाने? तुम्हाला तरी कुठे गाडी येते?"

"ट्रेनने. तिकडच्या स्टेशनावर भाऊजी घ्यायला येतील."

"म्हणजे पुन्हा आम्हीच." धाकटी हसली, पण डोळे पुसून हसली. "जाऊ दे. मी बोलले, मोकळी झाले. आई कुठायत? त्यांच्या गोळीची वेळ झाली."

सासूबाई स्वयंपाकघरात नव्हत्या. माडीवर नव्हत्या. मागच्या चिंचोळ्या अंगणातही नव्हत्या. मास्तरने न्हाणीघराचं दार वाजवलं. ते नुसतं लोटलेलं होतं, आत कुणी नाही. मग सगळेच एकदम बोलू लागले.

"फोन लाव!"

"फोन माझ्या पर्समध्ये आहे त्यांचा," धाकटी म्हणाली. "गाडीत चार्जिंगला लावला होता, मीच आणला."

"वाचनालय विचारत होत्या," थोरलीला आठवलं.

धाकटा पळाला आणि हात हलवत परत आला. वाचनालय रविवारचं बंद.

इंजिनिअर खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा उतरला होता. "ती एकटी कुठे जात नाही," ते म्हणाले. "तिला सवय नाही. रस्ता ओलांडता येत नाही तिला."

ते खरंच होतं. बायपास कुणाला ओलांडता येतो? बंगल्यात राहायला गेल्यापासून सासूबाई कुणी नेलं तरच बाहेर पडल्या होत्या. भाजीला धाकट्याबरोबर, देवळात इंजिनिअरांबरोबर, दवाखान्यात ज्याला वेळ असेल त्याच्याबरोबर. एकदा, धाकट्याचं स्कूल नवीन असताना, त्यांनी गाडी शिकायचं मनावर घेतलं होतं. बापलेक दोघंही इतके हसले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

मास्तर आणि थोरली स्टेशनाकडे निघाले. इंजिनिअर मागून आले, हाका मारत नव्हते, पण त्यांची पावलं ऐकू येत होती. गल्ली उताराची होती. माणसं दारात खुर्च्या टाकून बसली होती, एक बाई खिडकीतून समोरच्या बाईशी बोलत होती, सायकलवाला घंटी वाजवत हळू गेला. मास्तरने बायकोचा दंड धरला नव्हता. ती घाबरलेली असूनही तिच्या हे ध्यानात आलं.

"तू पलीकडचा फलाट बघ," तो म्हणाला. "मी इथे थांबतो. गाडी येतेय."

लोकल आली. रविवारची, अर्धी रिकामी. दारं उघडली. थोरली जिन्याच्या अर्ध्यात थबकली, कारण तिसऱ्या डब्यातून सासूबाई उतरत होत्या. एका हाताने दांडा धरून, दुसऱ्या हाताने पदर सावरून, आधी एक पाऊल, मग दुसरं. उतरल्या आणि वळून डब्यातल्या कुण्या बाईला हात केला. बाईनेही केला.

"आई!"

"अगंबाई, तुम्ही सगळे इथे?" त्या म्हणाल्या. "झालं का घर बघून?"

"तुम्ही कुठे गेला होता?"

"पुढच्या स्टेशनावर."

"कशाला?"

सासूबाईंनी थोडा विचार केला. "कशाला असं नाही. वाचनालय बंद होतं. मग सरळ खाली आले तर स्टेशन. खिडकीवरच्या मुलाला म्हटलं, एका स्टेशनाचं तिकीट दे, जायचं आणि यायचं. दिलं त्याने. कुठे जाताय विचारलं नाही, कुणाबरोबर जाताय विचारलं नाही. तिकडे उतरले, फलाटावर चहा घेतला, बसले, परत आले."

इंजिनिअर धापा टाकत पोचले. बायकोला धडधाकट बघून त्यांच्या काळजीचा क्षणात राग झाला.

"अक्कल गहाण टाकली होतीस का? सांगून जाता येत नाही? काही झालं असतं म्हणजे?"

"काय झालं असतं?"

"काहीही! तुला माहीत तरी आहे का—"

"मला माहीत नव्हतं, म्हणून तर गेले," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. फलाटावरच्या बाकावर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकली. "बसा. दम लागलाय तुम्हाला."

इंजिनिअर बसले. मग बोलले ते मास्तरशी, पण बोलणं साऱ्यांसाठी होतं.

"तुझे आजोबा टपाल वाटायचे. पायी. ऊन म्हणायचं नाही, चिखल म्हणायचा नाही. शेवटी शेवटी चप्पल घालता येत नव्हती इतके पाय फुटले होते. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या घरातलं माणूस चालणार नाही. रस्ते बांधले, बंगला बांधला, दोन दोन गाड्या ठेवल्या. आणि आता तू म्हणतोस, फुटपाथ पाहिजे."

मास्तरने आवाजाच्या दिशेने मान पूर्ण वळवली, तेव्हा त्याला वडिलांचा चेहरा दिसला.

"बाबा, आजोबांना चालावं लागत होतं. मला चालायला मिळणार आहे. फरक आहे."

"आणि मला?" सासूबाई म्हणाल्या. "माझं कुणी विचारणार आहे का?"

"तुला काय कमी केलं मी?" इंजिनिअर म्हणाले. खरोखरच विचारत होते.

"काही कमी नाही हो. सगळं दारात आणून दिलंत. पण दाराबाहेर जायचं तर मला तुमची नाहीतर पोराची चप्पल आधी हलावी लागते. तुम्ही वाईट नाही, घर वाईट नाही, जागा वाईट आहे." त्या उठल्या. "मी मास्तरबरोबर इथे राहायला येणार. तुम्ही यायचं तर या. नाही आलात तर मी भेटायला येत जाईन. तिकीट काढता येतं मला आता."

मास्तर मोठ्याने हसला. थोरली हसली नाही. एवढ्या आटापिट्याने शोधलेलं ते घर, ती दोघांची सकाळ, आणि तिच्या मनातल्या त्या चित्रात सासूबाई आता खुर्ची ओढून बसल्या होत्या.

परत चढण चढताना सासूबाई मुद्दाम मागे, तिच्याबरोबर राहिल्या.

"तुला नकोय ना मी," त्या म्हणाल्या.

"असं कुठे म्हटलं मी?"

"तोंडाने नाही म्हटलंस."

थोरलीने चार पावलं विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, पण पुढची सगळी वर्षं ते खोटं त्या अरुंद घरात सांभाळावं लागलं असतं.

"आई, खालची खोली माझ्या कामाची आहे," ती म्हणाली. "तिथे मला उजेड लागतो, टेबल लागतं, भट्टी लागते. ती मी कुणालाच देणार नाही. तुम्हालाही."

"मग वरची दे."

"वर जिना आहे. तुमचे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? इतकी वर्षं वापरलेच कुठे? नवेकोरे आहेत."

थोरलीला हसू आवरलं नाही. अडचण होणार होती, भांडणंही होणार होती, सकाळचा चहा तिला एकटीला कधीच मिळणार नव्हता. पण जिला ठाम 'नाही' म्हटलं आणि जिने ते मानून घेतलं, अशी सासू तिला आजच भेटली होती.

"वर दोन खोल्या आहेत," ती म्हणाली. "मागची तुमची. पुढची आमची."

"आणि मला आता ऐकू कमी येतं, काळजी करू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि थोरली लाजून लाल झाली.

घरात धाकटा-धाकटी वाट बघत होते. बातमी ऐकल्यावर धाकटीच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, मग ती सुटका तिलाच ओशाळवाणी वाटली असावी. ती सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या कधी घ्यायच्या ते थोरलीला समजावत बसली, दोनदोनदा. खरं बिनसलं ते धाकट्याचं.

"म्हणजे दादा इकडे, आई इकडे. आणि मी? त्या एवढ्या बंगल्यात मी काय आरशात बघून बोलू?"

"अरे, बायको आहे ना तुझी," मास्तर म्हणाला.

"ती वेगळी. आई वेगळी." चाळिशीचा माणूस, पण ओठ लहान मुलासारखे झाले होते. "एकदा म्हटलं असतंस तर मी शिकवली असती गाडी, आई."

"म्हटलं होतं रे," सासूबाई म्हणाल्या. "तू हसलास."

त्याने मान खाली घातली. सासूबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाल्या, "दर रविवारी यायचं. गाडी पुलापलीकडे लावायची नि चालत यायचं. पोट पण कमी होईल."

इंजिनिअर या कशातच नव्हते. ते ओल आलेल्या भिंतीपाशी उभे होते. आता तेच नाही म्हणाले की सगळं मोडणार, असं सगळ्यांना वाटत होतं. शिंपीणबाई दारात हाताची घडी घालून थांबली होती.

"हे पन्हाळ," इंजिनिअर म्हणाले, "जस्ताचं लागेल. पत्र्याचं चालायचं नाही."

"जुन्या वस्तीचे नियम आहेत," शिंपीणबाई म्हणाली. "दर्शनी बाजूला काही करायचं तर समितीला विचारावं लागतं. रंगसुद्धा."

"विचारू. अर्ज मी करीन, असले अर्ज आयुष्यभर केलेत. आणि जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवायचा. खिळे ठोकून नाही, नीट, भिंतीत पुरून." ते वळले. "तुम्ही जायच्या आधी पन्हाळाचं काम तुमच्याकडून. बाकीचं आमच्याकडून. कबूल?"

"कबूल."

मास्तरने हात पुढे केला. तो थोडा चुकला. शिंपीणबाईने तो मधेच पकडून नीट हलवला.

निघताना ऊन उतरलं होतं. पुलाकडे वळायच्या तोंडाशी धाकट्याने किल्ल्या काढल्या. "चला, सगळे मावतो. दाटीवाटीने."

"तुम्ही जा," सासूबाई म्हणाल्या. "मी या दोघांबरोबर लोकलने येते. तिकडच्या स्टेशनावर घ्यायला ये."

धाकटी आणि धाकटा पुलाकडे गेले. इंजिनिअर दोन्ही रस्त्यांच्या मधे उभे राहिले. एकदा पुलाकडे बघितलं, एकदा उताराकडे. मग उताराला लागले. मास्तर पुढे, बोटं भिंतींना हलकेच लावत. त्याच्यामागे थोरली. ती मागे वळून बघत नव्हती, पण तिचे कान मागेच होते.

स्टेशनात पोचल्यावर तिकिटाच्या खिडकीपुढे छोटीशी रांग होती. इंजिनिअर रांगेत उभे राहिले, त्यांचा नंबर आला, आणि ते तिथेच थबकले. मागच्या माणसाने घसा खाकरला.

त्यांनी बायकोकडे वळून हलक्या आवाजात विचारलं, "अगं, काय म्हणायचं असतं इथे?"

"स्टेशनाचं नाव सांगायचं," सासूबाई म्हणाल्या, "आणि किती जण ते."

"चार," इंजिनिअर खिडकीतल्या मुलाला म्हणाले.